ओसरीवरचा वर्ग

वर्ध्याला जायचे असेल, तर हिवाळ्यात जावे. मार्गशीर्ष-पौषात तिकडचे ऊन अंगाला सुखावते, शेताशेतांतून कापसाची वेचणी चालू असते आणि तुरीच्या शेंगा भरू लागलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा पंचेचाळिसाकडे धावतो. साठी ओलांडलेल्यांनी त्या दिवसांत तिकडे फिरकू नये, हे मी आपणांस आधीच सांगून ठेवते. आणखी एक सूचना. रेल्वेच्या वेळापत्रकात आपणांस ‘वर्धा’ आणि ‘सेवाग्राम’ अशी दोन स्थानके दिसतील. नावावरून फसू नका. ‘सेवाग्राम’ स्थानकावर उतरलात म्हणजे आश्रमाच्या दारात उतरलात, असे होत नाही. दोन्हीकडून रिक्षा करावीच लागते.

या गावाला नावाची अडचण जुनीच आहे. गांधीजी १९३६ मध्ये येथे राहावयास आले, तेव्हा याचे नाव शेगाव होते. गजानन महाराजांचे शेगाव त्याच विदर्भात. त्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला. एकाची पत्रे दुसरीकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. निरोप योग्य माणसाच्या हाती पडावा, एवढ्यासाठी गावाने आपले नाव सोडले. ही गोष्ट मला पूर्वी केवळ गमतीची वाटत असे. आता तशी वाटत नाही. का, ते सांगते.

माझे वडील, अण्णा, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचे हृदय क्षीण झाले होते. पायांवर सूज येई, चार पावले चालले की धाप लागे. एका हिवाळ्यात त्यांना तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रत्येक वेळी तेथील औषधांनी सूज ओसरे, श्वास मोकळा होई आणि घरी आणले की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. डॉक्टर मला विचारीत, “गोळ्या नियमित देता ना?” मी म्हणे, “हो, डबा मीच भरते.” ते मात्रा वाढवून देत. अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असत. त्यांना डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नसे, आणि ते नेहमी भिंतीकडे उजवा कान करून बसत. म्हणजे आम्ही त्यांना तसे बसवीत असू. किती दिवस दुखते, झोप लागते का, भूक कशी आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे मी देत असे. चटपटीत देत असे. वेळ वाचावा, हाच हेतू होता. एकदा घरी परतताना अण्णा म्हणाले, “आज माझी प्रकृती तुला विचारली.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून मी ते वाक्य तेथेच सोडून दिले.

तिसऱ्या खेपेस, रात्री अकराच्या सुमारास, एक निवासी डॉक्टर आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. दिवसभराच्या कामाने तिचा चेहरा उतरला होता. तिने स्टूल ओढले, कागदपत्रे पाहिली, मग उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि अण्णांच्या उजव्या कानाशी बसली. तिने विचारले, “आजोबा, यांतली कोणती गोळी तुम्हांला मुळीच आवडत नाही?”

अण्णा हसले. कित्येक दिवसांनी हसले. म्हणाले, “ती लहान, पांढरी.”

मग जे बाहेर आले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडत असेल. ती पांढरी गोळी लघवी वाढवणारी होती. मी ती संध्याकाळच्या कप्प्यात भरत असे. त्यामुळे अण्णांना रात्री चार-पाच वेळा उठावे लागे. बोळात अंधार असे. एकदा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले होते, आणि मुलीला काळजी नको म्हणून त्यांनी ते कुणालाच सांगितले नव्हते. तेव्हापासून ते ती गोळी गालात धरून ठेवीत आणि मी पाठमोरी झाले की तुळशीच्या कुंडीत टाकीत. डॉक्टर जिची मात्रा वाढवीत होते, ती गोळी तुळस घेत होती!

त्या मुलीने वरिष्ठांशी बोलून गोळीची वेळ सकाळची केली आणि मला बोळात रात्रभर लहान दिवा लावून ठेवायला सांगितले. (अशी वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारूनच बदला.) त्यानंतर अण्णा अकरा महिने जगले आणि ते सर्व दिवस घरी जगले. रुग्णालयातून निघताना मी तिला विचारले, “हे विचारायला तुम्हांला कुठे शिकवले?” ती म्हणाली, “सेवाग्रामला, काकू. थोडे वर्गात, जास्त ओसरीवर.”

अण्णांचे वर्षश्राद्ध झाल्यावर मी ती ओसरी पाहण्यासाठी निघाले.

आश्रमात पाऊल टाकताच प्रथम जाणवते ती शांतता, आणि मग जमिनीशी असलेली जवळीक. मातीच्या भिंती, कौलारू छपरे, शेणाने सारवलेली भूमी. बापूकुटीत शिरताना पादत्राणे काढावी लागतात आणि वाकावे लागते. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणी असू द्या. येथे येणारे बहुतेक जण बापूकुटी, बाकुटी, आदिनिवास पाहून परततात. आपण मात्र थोडे पुढे जाऊन परचुरे कुटी पाहावी. ती एवढीशी आहे आणि तेथे पाहण्यासारखे असे काही नाही.

परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचा त्यांच्याशी संबंध आला होता. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते, आणि रोग्याला घरदारही पारखे होत असे. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. इतक्या लोकांच्या वस्तीत त्यांना ठेवावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, ही कुटी बांधवली, आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. त्या मालिशीचे छायाचित्र आपण कुठे ना कुठे पाहिले असेल. पुढे शास्त्रीजी वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे, मनोहर दिवाणांनी चालविलेल्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ मध्ये तेथेच वारले. म्हणजे ते बरे झाले नाहीत. त्या कुटीच्या उंबऱ्याशी मी बराच वेळ उभी होते. बरे न होणाऱ्या माणसाजवळ रोज जाऊन बसायचे, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसविणे अवघड आहे.

आश्रमापासून जवळच कस्तुरबा रुग्णालय आहे. चाळिशीच्या दशकात स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी सुरू झालेल्या छोट्या दवाखान्याचे हे वाढलेले रूप. डॉ. सुशीला नायर यांनी ते उभे केले. त्या गांधीजींच्या वैद्य. दिल्लीत शिकलेल्या, पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. ग्रामीण भागातील देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. विद्यार्थी बाईंना ‘बडी बहनजी’ म्हणत.

शिक्षणाचा प्रारंभ येथे शवविच्छेदनाच्या दालनात होत नाही. प्रवेश मिळालेली मुले प्रथम काही दिवस आश्रमात राहावयास जातात. प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, स्वयंपाकघरातील कामे. अठरा वर्षांची, प्रवेश परीक्षेच्या शर्यतीतून धापा टाकीत आलेली ही मुले; खोलीबाहेर न पडता दोन-दोन वर्षे पुस्तकात डोके घालून बसलेली. त्यांना येथे झाडू हातात घ्यावा लागतो. काहींना ते पटते, काहींना नाही; सर्वांचे हृदयपरिवर्तन होते असे मी लिहिले, तर आपण मला हसाल. पण पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते. मुले त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि शिबिर संपल्यावरही ती त्याच घरांत पुन:पुन्हा जात राहतात. रुग्ण म्हणजे पलंगाचा क्रमांक, ही सवय जडण्याच्या आधीच रुग्णाचे घर, त्याची चूल, त्याचा उंबरठा त्यांच्या परिचयाचा होतो.

सेवाग्रामला हे अनेक वर्षे चालत आले होते. देशातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णाशी कसे बोलावे हा रीतसर अभ्यासाचा भाग झाला, तो २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ त्यात आले. कुटुंब दत्तक घेण्याची योजनाही २०२२ पासून सर्वत्र लागू झाली. फार उशीर झाला, असे आपण म्हणाल. मीही म्हणते. पण परदेशांतही या गोष्टीकडे लक्ष जायला वेळच लागला. अमेरिकेत १९८४ मध्ये दोन संशोधकांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चौऱ्याहत्तर भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. रुग्णाने आपले गाऱ्हाणे सांगण्यास प्रारंभ केल्यापासून डॉक्टरने त्याला मध्येच थांबविण्यापर्यंत सरासरी किती वेळ जात होता? अठरा सेकंद.

यावर डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते : बोलू दिले तर म्हातारी माणसे थांबायचीच नाहीत. तेव्हा पुढची गोष्ट आपण आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगा. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील एका अभ्यासात डॉक्टरांना सांगण्यात आले की, रुग्णाला मध्ये अडवू नका, तो स्वतःहून थांबेपर्यंत ऐका. तीनशे पस्तीस रुग्णांचा वेळ मोजला. सरासरी निघाली ब्याण्णव सेकंद. दर पाचांपैकी जवळजवळ चार जण दोन मिनिटांच्या आत आपले सांगणे संपवून गप्प झाले. बाह्यरुग्ण विभागातील रांगा मी पाहिल्या आहेत, तेथील तरुण डॉक्टरांची ओढाताणही पाहिली आहे. तरीही ब्याण्णव सेकंद म्हणजे चहाचे आधण उकळायला लागतो, त्याहून कमीच वेळ.

संवाद शिकविण्याची एक पद्धत अशी की, निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका पढवून विद्यार्थ्यापुढे बसवायचे. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी ती सुरू केली आणि आता ती जगभर आहे. पहिल्या चुका खऱ्या रुग्णावर न होता नटावर व्हाव्यात, हे उत्तमच. मात्र ‘मला तुमचे दुःख समजते’ हे वाक्य परीक्षेच्या गुणांसाठी पाठ केले, की ते तसेच ऐकू येते. शिवाय नट गोळी तुळशीत टाकीत नाही.

मला एका दुपारी अशाच एका गावभेटीला सोबत जाता आले. महाविद्यालयातील एका परिचितांची ती कृपा. गावाचे नाव सांगत नाही; लोकांच्या ओसरीवर मी पाहुणी म्हणून बसले होते. आमच्याबरोबरचा मुलगा दूरच्या राज्यातला होता. खादीचा सदरा, हातात लहान वही. पहिल्या वर्षी या मुलांना स्थानिक भाषाही शिकावी लागते, आणि त्याने वहीत एक यादी केली होती. तीत पहिला शब्द होता ‘टोंगळा’. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, टोंगळा म्हणजे गुडघा. हा शब्द कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात मिळणार नाही, आणि तो आला नाही तर वर्धा जिल्ह्यातील अर्ध्या म्हाताऱ्यांचे दुखणे कळणार नाही.

आजी खाटेवर बसल्या होत्या. मुलगा खाली, सारवलेल्या ओसरीवर बसला. मला बसायला खुर्ची दिली होती. मीही खाली बसले, मग उठताना त्रास झाला तो भाग वेगळा. त्याने विचारले, “आजी, कसं आहे?” आजींनी तोंड उघडण्यापूर्वी दारातून सून म्हणाली, “रातभर झोपत नाही जी. जेवतही नाही. सांगतलेलं आयकत नाही.” तो तिच्याकडे वळून, अडखळत्या मराठीत म्हणाला, “ताई, तुमचं पण ऐकायचं आहे मला. आधी आजींचं ऐकू?”

वाचकहो, मी तेथे मान खाली घातली. तीन वेळच्या त्या हिवाळी फेऱ्यांत हे वाक्य मला कुणीतरी म्हणायला हवे होते. ती सून वाईट नव्हती. चुलीवर भाकर टाकून ती आली होती आणि आजींची सेवा तीच करीत होती. मीही वाईट मुलगी नव्हते.

मग आजी बोलल्या. टोंगळ्यांविषयी, मेलेल्या म्हशीविषयी, पुन्हा टोंगळ्यांविषयी. मुलाने ऐकले. रक्तदाब मोजला, तो वाढलेला होता. त्याने आवाज चढवून, एकेक शब्द तोडून समजावले : “आजी, वरून मीठ घेऊ नका.” आजींनी तत्परतेने मान डोलावली. तो समाधानाने वही मिटू लागला. तेव्हा सोबतच्या शिक्षिका हळूच म्हणाल्या, “त्यांना काय कळले, ते त्यांच्याकडूनच ऐक.”

त्याने विचारले, “आजी, तुमच्या नातीनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला, तर तिला काय सांगाल?”

आजी म्हणाल्या, “सांगीन का, डाक्टर म्हंते, वरून मीठ नोको घेऊ. लोनचं चालते.”

सगळे हसले, आजीही हसल्या. तो मात्र लाजला. त्याने वही पुन्हा उघडली आणि सुनेकडून विचारून घेतले : घरात लोणचे किती लागते, पापड, ठेचा, बाजारातला चिवडा. मग पुन्हा सांगितले, आणि पुन्हा आजींकडून वदवून घेतले. या वेळी त्याने आवाज चढवला नाही. त्या बहिऱ्या नव्हत्याच.

‘कळले का?’ या प्रश्नाला आपण सारे ‘हो’ म्हणतो. डॉक्टरांपुढे ‘नाही कळले’ म्हणायची आपल्याला लाज वाटते. म्हणून पुढच्या वेळी आपणच उलट करून पाहा. खोलीतून निघण्याआधी म्हणा, “डॉक्टर, मला समजले ते असे, बरोबर आहे का?” आणि आपल्या घरातील वृद्धांना घेऊन जात असाल, तर पुढची खुर्ची त्यांना द्या, मागची आपण घ्या. त्यांचा चांगला कान कोणता, हे डॉक्टरांना प्रथम सांगा. ते चुकीची तारीख सांगतील, औषधाचे नाव विसरतील. त्यांचे संपू द्या, दुरुस्ती नंतर करता येते. मला हे सुचले तेव्हा अण्णा नव्हते.

शिकाऊ डॉक्टरांविषयीही एक विनंती. मोठ्या रुग्णालयात दाखल असताना पांढरा कोट घातलेली दोन-चार मुले पलंगाशी येतात, तीच ती माहिती पुन्हा विचारतात, तेव्हा आपण वैतागतो. नको असेल तर ‘आज नको’ म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण अंगात थोडी शक्ती असेल, तर त्यांना बसवून घ्या. न बसता विचारू लागले, तर ‘बाळा, बस आणि मग विचार’ असे सांगा. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा. आपल्याला कोणती गोळी आवडत नाही, हे त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.

सायंकाळी आम्ही निघालो. परत जाताना वर्ध्याचा गोरसपाक घ्यायला विसरू नका, असे मला तीन जणांनी बजावले होते; मी घेतला, आणि आपणही घ्या, मात्र मधुमेह असेल तर एक तुकडा तोडून बाकीचा वाटून टाका. गाडी सुरू झाली तेव्हा आजी काठी टेकीत दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी मुलाला हाक मारून सांगितले, “पुढच्या महिन्यात येजो बाप्पा. अन् तुह्या मायची खुशाली सांगजो.”

मुलाला शेवटचे वाक्य कळले नाही. त्याने शिक्षिकांना विचारले. त्यांनी अर्थ सांगितला. त्याने वही काढली, हलत्या गाडीत गुडघ्यावर ठेवली आणि ‘टोंगळा’, ‘लोनचं’ यांच्या खाली तिसरा शब्द लिहिला. मग खिशातून फोन काढून तो आपल्या भाषेत कुणाशी तरी बराच वेळ बोलत होता. त्यातला ‘अम्मा’ एवढाच शब्द मला समजला.